मुदतीतल्या गाड्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचारलं, तर आई-वडिलांना बाजूला ठेवून मी एकच नाव घेईन, आमच्या वॉरंटीवाल्या सरांचं. नाव म्हणजे तेवढंच. जालना रोडवरच्या आमच्या मोटारींच्या शोरूममध्ये मालकापासून गाड्या धुणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना वॉरंटीवाले सरच म्हणत. कधी हजेरीपटावरून कुणी त्यांचं खरं नाव पुकारलं, तर हा कोण म्हणून ते स्वतःच इकडंतिकडं बघत.

सर हे शहर सोडून गेले त्याला आता काही वर्षं झाली. जाताना मला सांगून गेले की ठरावीक गाड्यांची वॉरंटी संपेपर्यंत ते इकडं फिरकणार नाहीत, आणि मीही त्यांच्याकडं जायचं नाही. आपलं माणूस परत कधी येणार हे मोटारींच्या वॉरंटीवरून मोजणारा मी बहुधा एकटाच असेन. ही वेळ का आली, ते सांगतो.

सर वॉरंटीला मुदत म्हणायचे. गाडी मुदतीत आहे, मुदतीबाहेर गेली, मुदत वाढवून घेतली. कुठल्याही वस्तूची किंमत विचारताना मी त्यांना ऐकलं नाही. कुणी मिक्सर घेतला, मोबाइल घेतला, की त्यांचा पहिला प्रश्न, "मुदत किती?" उस्मानपुऱ्यात त्यांची भाड्याची खोली होती. एकटेच राहत. पंख्यावर, शेगडीवर, इस्त्रीच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले, आणि त्यांवर मुदत संपण्याचा महिना. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्याच्या फिल्टरवरची पट्टी त्यांनी माझ्यासमोर सोलून काढली. फिल्टरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, आता हा आपला झाला."

"म्हणजे आधी नव्हता का सर?"

"मुदत आहे तोवर वस्तू अर्धी कंपनीची असते बाबा. आपण तिला खोलायचं नाय. बिघडली तर माहेरी पाठवायची. मुदत संपली की मग ती आपल्या घरची."

घरची झालेली वस्तू ते विकत नसत, टाकतही नसत. त्यांची स्कूटर ज्या कंपनीनं बनवली होती तिनं स्कूटरी बनवायचंच सोडून दिलं होतं. तिचे पार्ट ते कुठून कुठून शोधून आणायचे आणि रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरून बसायचे. मी मदतीला जायचो. माझं काम पाने हातात देण्याचं आणि बोलायला सोबत करण्याचं. आजही रविवारी सकाळी मला काही सुचत नाही.

विक्री विभागातला एक जण त्यांना नेहमी छेडायचा. "सर, तुम्ही लग्न का नाय केलं?"

"अटी वाचल्या," सर म्हणायचे, आणि पुढच्या कागदाकडं वळायचे.

मी सिल्लोडच्या पुढच्या एका खेड्यातला. वडील सिल्लोडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई मक्याच्या हंगामात कणसं सोलायला जायची. घरात पदवी मिळवलेला मी पहिला. शाळा-कॉलेज सिल्लोडलाच झालं, त्यामुळं इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की घशात अडकायचं. शोरूमच्या मुलाखतीत मॅनेजरनं स्वतःबद्दल इंग्रजीत सांगायला लावलं. मी नाव आणि गाव सांगून थांबलो. मॅनेजरनं मान हलवली. मी उठायला लागलो तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका माणसानं वॉरंटीची पुस्तिका माझ्याकडं सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचून काय समजलं?"

मी चाचपडत सांगायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "मला नको सांगू. घरी आईकडं फोन आहे का?"

"हाय सर."

"लाव. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेव. तिला सांग."

मी फोन लावला. आईला म्हणालो, "माय, मी कामाच्या ठिकाणी हाय, नुसतं ऐक. नवी गाडी घेतली तर तिचे टायर, ब्रेकचे गट्टू, असं जे रोजच्या चालण्यानं झिजतं, ते कंपनी फुकट बदलून देणार नाय. जे झिजायचं नव्हतं आन् तरी मोडलं, ते देणार."

आई म्हणाली, "मग बरोबर हाय की. चपलेचा तळ झिजला तर दुकानदार देतो का? पण घेतल्या घेतल्या अंगठाच तुटला, तर मी भांडणार. तू जेवला का?"

सर मॅनेजरला म्हणाले, "ह्याला घ्या."

"सर, इंग्लिशचं काय?"

"इंग्लिश मी शिकवतो. जे ह्यानं आत्ता केलं ते मला कुणाला शिकवता येणार नाय."

आणि शिकवलं. रोज एक क्लेम मला इंग्रजीत लिहायला लावायचे. गाडीतला एखादा भाग मुदतीत बिघडला की तो आम्ही बदलून द्यायचा, आणि त्याची भरपाई कंपनीकडं मागायची, त्या मागणीला क्लेम म्हणतात. मी लिहिलेलं वाक्य ते पेन्सिलीनं दुरुस्त करायचे, कधी खोडायचे नाहीत. म्हणायचे, खोडलं की माणूस लिहायला भितो. माझ्या घरात आजवर कुणी कुणाचं लिहिलेलं तपासलं नव्हतं. कुणीतरी माझी ओळ एवढ्या मन लावून वाचतंय, याचंच मला अप्रूप वाटायचं.

दुपारच्या चहाला ते मला कंपन्या समजावून सांगायचे. एकदा आमच्या कंपनीनं सगळ्या गाड्यांची मुदत वाढवली. मी म्हणालो, "सर, स्वतःहून खर्च कशाला वाढवून घेतेत हे लोक?"

"स्वतःहून नाय. समोरची कंपनी बाजारात नवीन आहे, तिला कुणी ओळखत नाय. तिनं मुदत लांबवली. गिऱ्हाईक म्हणतं, एवढी वर्षं द्यायला लागले म्हणजे मालात दम असंल. मग आपल्या कंपनीची झोप उडाली. आता ह्याचं होतं काय, ते बघ. आधी मुदतीनंतर जो पार्ट मोडायचा तो गिऱ्हाइकाच्या खिशातून. आता तोच पार्ट कंपनीच्या खिशातून. मग कंपनी तो पार्ट चांगला बनवायला लागते." त्यांनी बशीत चहा ओतला. "नाय तर अटी वाढवायला लागते. दोन्हींत जे स्वस्त पडंल ते."

"आणि आपल्या शोरूमचं?"

"आपल्याला मुदत म्हणजे दावण. आहे तोवर गाडी सर्व्हिसिंगला आपल्याच दारात. सुटली की गल्लीतल्या मिस्त्रीकडं."

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. गाडीच्या किमतीतच कंपनीनं मुदतीचा खर्च धरलेला असतो, त्यामुळं क्लेम मागायला आलेला माणूस भीक मागायला आलाय असं तोंड करून बसायचं नाही. त्याचंच त्याला द्यायचंय. म्हणून ते उलटंच करायचे. मुदत संपत आली की स्वतः फोन लावायचे. "गाडीत काही खडखड, घरघर असंल तर आत्ताच आणा. नंतर आणली तर मी बहिरा." लोकांना वाटायचं यात काहीतरी डाव आहे. सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी आहेत, खानसाहेब. ते फोनवर म्हणाले, "साहब, कुछ बेचने का है तो सीधा बोलो ना."

"बेचने का नाय, देने का है," सर म्हणाले. खानसाहेब तासाभरात काय ते कळवतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सिल्लोडहून गाडी घेऊनच आले. पुढची गाडीही त्यांनी आमच्याकडूनच घेतली.

कंपनीला हे आवडत नव्हतं. आमच्या शोरूमचे क्लेम इतरांपेक्षा जास्त का, अशी विचारणा पुण्याच्या ऑफिसातून यायची. सर उत्तर पाठवायचे की आमच्याकडं गाड्या जास्त बिघडत नाहीत, आम्ही जास्त विचारतो.

आता, सरांना ज्यामुळं जावं लागलं त्या नाड्याची गोष्ट.

आमच्याकडं नवी गाडी न्यायचा दिवस म्हणजे घरातलं कार्य असतं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून अख्ख्या घराचा फोटो. मग गाडी देवाला जाते, आणि देवाहून थेट सजावटीच्या दुकानात. तिथं जादा दिवे, मोठा हॉर्न, गाण्यांचा डबा बसवतात. त्यासाठी दुकानातला कारागीर इंजिनाजवळची मूळ वायर कापून तिला नवी जोडतो. गाडी अजून घरी पोचलेली नसते आणि तिच्या वायरिंगची मुदत संपलेली असते, कारण कापलेल्या वायरला कंपनी जबाबदार नाही असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे. सर ते पान प्रत्येकाला वाचून दाखवायचे. पण ऐकतो कोण. हातात पेढा, डोळे गाडीवर.

एकदा एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांची गाडी आली. आयुष्यातली पहिली गाडी, जादा दिवे लावलेली, वायरिंग जळून गेलेलं. कंपनीनं क्लेम नाकारला. ते गृहस्थ कुणाशी भांडले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत स्वागतकक्षात बसून राहिले. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीच्या बाजारातून पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्याची गुंडी घेऊन आले. त्या दिवशीच्या पहिल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं, वायरींच्या जुडग्याभोवती नाडा गुंडाळला, गाठ मारली आणि गाडीच्या मालकाला म्हणाले, "ही राखण आहे. ह्याच्यावर कुणाला पक्कड लावू द्यायची नाय."

मालकानं हात जोडले. बायकोनं पदर डोक्यावर घेतला. आणि सजावटीच्या दुकानातून तासाभरात फोन. "सर, इथं नाडा बांधलाय. सोडू का?"

"सोड. पाप तुझ्याकडं, क्लेम माझ्याकडं."

त्यानं सोडला नाही. कुणीच सोडत नव्हतं. छापलेल्या अटीपुढं न थांबणारी पक्कड नाड्यापुढं थांबायला लागली. सर स्वतः देवळात गेलेले मी कधी पाहिले नाहीत, पण नाडा बांधताना त्यांचा चेहरा गंभीर असायचा. हळूहळू बांधायचं काम मीही करू लागलो.

खानसाहेब नवी गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. "सबको बांधा, हमको क्यूं नहीं?"

"तुमको नाडा कैसा बांधू?"

"हमारा धागा बांधो ना."

खुलताबादच्या दर्ग्यावरून त्यांनी हिरवा धागा आणला. तेव्हापासून सरांच्या ड्रॉवरमध्ये दोन गुंड्या राहू लागल्या. मग सिस्टर आल्या. त्या सिल्लोड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स. खेडोपाडी लसीकरणाला स्वतः गाडी चालवत जायचं, म्हणून कर्ज काढून त्यांनी घरातली पहिली गाडी घेतली होती. सरांच्या हातात नाडा पाहून त्या म्हणाल्या, "सर, आमच्यात हे चालत नाही. आम्ही बाबासाहेबांची माणसं."

सर अडखळले. "मग सिस्टर, तुमचं काय बांधू? काहीतरी बांधल्याशिवाय ते पक्कडवाले ऐकणार नाय बघा."

सिस्टरांनी विचार केला, शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या वेणीची निळी रिबन सोडली आणि दिली. "ही बांधा. ह्या रंगाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही." मुलगी अर्धी वेणी सुटलेली घेऊन फोटोला उभी राहिली. त्याच दिवशी सरांनी सिस्टरांना जास्तीची मुदत विकत घ्यायला लावली. एरवी ते बऱ्याच जणांना घेऊ नका म्हणायचे. गाडी अंगणातच उभी राहणार असेल तर कशाला, म्हणायचे. पण सिस्टरांचे रस्ते त्यांना माहीत होते.

ते सगळं थांबलं ते सिस्टरांच्याच गाडीवर. तिच्या पुढच्या दिव्याची वायर आतून वितळली होती, दोष कारखान्यातला होता, आणि क्लेम तपासायला पुण्याहून कंपनीचा ऑडिटर आलेला होता. वयानं माझ्याएवढाच. बॉनेट उघडून तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

"ये क्या है?"

"रिबन," सर म्हणाले.

त्यानं फोटो काढला. मग वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावली. नाडा, नाडा, हिरवा धागा, नाडा. तो सरांकडं वळला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणाला, "अंकल, इंजिन के पास कॉटन? कभी आग लग जाती तो?"

सरांनी सिस्टरांच्या गाडीतल्या रिबनला हात लावला. एक कड तपकिरी पडून कडक झाली होती. मला हळूच म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय रे."

इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं होतं की गाडीत बाहेरचं काही घालू नका, आणि तेच सांगण्यासाठी त्यांनी स्वतः बाहेरचं घातलं होतं.

ऑडिटरनं नियम सांगितला. नाडे ग्राहकांनी बांधले असतील तर त्या सगळ्या गाड्यांच्या वायरिंगची मुदत रद्द. शोरूमनं बांधले असतील तर दोष शोरूमचा, ग्राहकांची मुदत शाबूत, पण ज्यानं बांधले त्याला कंपनीच्या कुठल्याही शोरूममध्ये ठेवायचं नाही.

शोरूमच्या मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी कागद घेऊन सोबत होतो. मालक काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "सर, दोन ओळी लिहा. लोकांनी आपापल्या श्रद्धेनं बांधलं. कोण येतंय विचारायला?"

"शेठ, मग त्या गाड्यांची मुदत जाईल."

"आणि नाही लिहिलं तर तुम्ही जाल. विचार करा."

"माझी किती उरलीय तशीही. त्यांच्या गाड्या नव्या आहेत."

त्यांनी तिथंच लिहून दिलं की सगळे धागे मी बांधले, ग्राहकांना ते काढायला मीच मनाई केली होती. मी म्हणालो, "सर, त्यांतले कितीतरी मी बांधलेत. माझंही नाव टाका." मालक माझ्याकडं बघायला लागले.

सरांनी मान वर केली नाही. "तुला गाठ तरी मारता येते का? तुझे सगळे ढिले होते. मी परत सोडून बांधलेत."

हे खरं होतं की खोटं, मला आजही माहीत नाही. मी पुन्हा तोंड उघडलं तर म्हणाले, "बाहेर जाऊन चहा सांग," आणि सही केली.

कंपनीनं त्यांना धागे काढण्यापुरता वेळ दिला. सरांनी एकेका गाडीला बोलावून घेतलं. कात्री लावू दिली नाही. वाकून, चष्मा कपाळावर चढवून, नखांनी गाठ सोडवत बसायचे. प्रत्येकाला सांगायचे, "आता नाडा नाय, नुसता माझा शब्द. वायर कापू नका." खानसाहेब म्हणाले, "क्यूं खोल रहे साहब? हमसे कुछ गलती हुई क्या?"

"गलती मेरी. तुम्हारी गाडी एकदम ठीक है."

सिस्टरांची रिबन त्यांनी सोडवून, हातानं सरळ करून परत दिली. सिस्टर मुलीला म्हणाल्या, "आजोबांच्या पाया पड." सर मागं सरकले.

आंबेजोगाईकडं त्यांच्या बहिणीचं गाव आहे. तिकडं जायला निघाले तेव्हा मी मध्यवर्ती बसस्थानकावर सोडायला गेलो. एक ट्रंक, आणि गोणपाटात गुंडाळलेला पंखा. स्कूटर त्यांनी मला दिली होती.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "कंपनी ह्या गाड्यांवर डोळा ठेवणार. उद्या कुणाची वायर जळाली आणि त्यांना कळलं की मी येतो-जातो, तुझ्याशी बोलतो, तर म्हणतील ह्या म्हाताऱ्यानंच परत काही केलं. त्यांना निमित्त द्यायचं नाय. शेवटची गाडी मुदतीबाहेर गेली की मी येतो. तोवर तूही येऊ नको."

"फोन तर करू ना सर?"

"फोनवर बोललो की मी विचारणार, अमक्याचं काय झालं, तमक्याचा क्लेम गेला का. मला राहवणार नाय. शेवटची गाडी सुटली की पत्र टाक."

बस लागली. वाहकानं पंख्याचं तिकीट मागितलं म्हणून सर त्याच्याशी हुज्जत घालत आत गेले. खिडकीत दिसले, पण तेव्हाही ते त्याच्याशीच बोलत होते.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. मुदत संपत आलेल्यांना फोन लावतो. मुदती आता आणखी लांबल्यात. पूर्वी लोक मुदत संपली की गाडी काढून टाकायचे, आता तीच गाडी वापरत राहतात. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस रंग बघायच्या आधी विचारतो, मुदत किती उरली. कंपनी प्रत्येक क्लेमला पूर्वीपेक्षा जास्त फोटो मागते, पुस्तिका जाड झालीय आणि अक्षर बारीक. दोन्हींत स्वस्त पडलं ते कंपनीनं केलं, की दोन्ही केलं, हे मला सरांना विचारायचंय. चहा गार होतो आणि मी त्यांच्या बाजूनं वाद घालून बघतो, मग कंपनीच्या बाजूनं. जमत नाही. एकदा क्रांती चौकात पुढच्या रिक्षात तशीच पाठमोरी मान दिसली आणि मी सिग्नल सुटल्यावरही स्कूटरवर तसाच उभा राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते.

नाड्याच्या गाड्या एकेक करून सुटल्या. खानसाहेबांची सुटली त्या दिवशी मी त्यांना पेढे दिले, ते म्हणाले, गाडी तो पुरानी हुई, पेढा किस बात का? राहिल्या त्या जास्तीची मुदत घेतलेल्या, आणि त्यांना ती घ्यायला लावणारे सरच. गेल्या वर्षी त्याही सुटल्या. एकच उरली, सिस्टरांची. तिला थोडेच दिवस उरले होते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना सरांच्या पद्धतीनं फोन केला. त्या आल्या. मुलगी आता त्यांच्या खांद्याला लागते. गाडी जॅकवर उचलून घेतली, खालून-वरून पाहिली. मग सिस्टर म्हणाल्या, "अजून एक वर्ष मुदत वाढवून मिळते म्हणतात. घेऊ का? तुम्ही सांगाल तसं."

मी त्यांना चहा सांगितला आणि म्हणालो, एकदा चालवून बघतो. क्रांती चौकापर्यंत गेलो, वळून आलो. दोन्ही काचा बंद करून कान देऊन ऐकलं. परत येऊन मी त्यांना काय सांगितलं ते सरांना कळवणं भाग होतं, म्हणून त्याच संध्याकाळी हे पत्र लिहून टाकलं.

*

आदरणीय सर,

सा. नमस्कार.

तुम्ही शेवटची गाडी सुटल्यावर पत्र टाक म्हणाला होता. हे ते पत्र नाही. ते लिहायची वेळ आली होती, पण आणखी एक वर्ष पुढं गेली, आणि ती माझ्यामुळं गेली, म्हणून तुम्हाला कळवतो.

बाकी सगळ्या गाड्या मुदतीबाहेर गेल्या. नाड्यांच्या कारणावरून एकाचाही क्लेम परत आला नाही. वायर कुणीही कापली नाही. फक्त सिस्टरांची गाडी राहिली आहे. त्यांनी मला विचारलं, मुदत वाढवू का. गाडी मी स्वतः चालवून पाहिली. कुठंही आवाज नाही. नको म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं नसतं, आणि या महिनाअखेर तुम्हाला बोलावता आलं असतं. पण त्यांना आता घाटातलं केंद्रही दिलंय. तो रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. मी घ्या म्हणालो. तुमच्याबद्दल त्यांना काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी घेतली नसती.

तुम्ही हेच सांगितलं असतं असं मला वाटतं. पेन्सिलीनं दुरुस्ती करण्यासारखं काही असेल तर करून पाठवा.

आई तुमची आठवण काढते. स्कूटर चालू आहे. या पत्रात गाड्यांबद्दल तुम्ही काही विचारू नये, मीही आणखी लिहीत नाही. पण तुमचे गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं का, हे विचारायला तुम्ही बंदी घातली नव्हती. तेवढं उलट टपाली कळवावं. मला एक वर्ष थांबायला काही वाटत नाही, फक्त तुम्ही ठीक आहात हे माहीत पाहिजे.

तुमचा,
वॉरंटी विभाग